पाणी आलं की कुठं जातो

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकते. अर्धी हयात छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली, दुसरं काय होणार? एका पानावर 'दवाखाना' आणि पुढच्या पानावर 'रुग्णालय' दिसलं की माझं डोकं फिरायचं. छापखाना बंद पडला आणि मी केजला आबांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं राहायला आले, तेव्हा वाटलं, सुटले बाई एकदाची. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तेच काम दुसऱ्या वाटेनं घरात शिरलं.

माझ्या मावसबहिणीची मुलगी पुण्यात कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिते. ती आणि तिचे मित्रमैत्रिणी सुट्टीच्या दिवशी बसून एक गेम बनवत होते. त्यात मारामारी नाही, पळापळी नाही. धरणात जाणारं एक गाव आहे. खेळणारा त्या गावात हिंडतो, माणसांशी बोलतो, आणि शेवटी पाणी चढतं. गाव आमच्या आबांचं. मी आईच्या पोटात असताना ते धरणाखाली गेलं. गावातली बहुतेक माणसं माळावरच्या नव्या गावात गेली, आबा केजला आले. भाची लहानपणी सुट्टीत आमच्याकडं यायची तेव्हा आबा तिला त्या गावाच्या गोष्टी सांगायचे, त्या तिच्या डोक्यातून गेल्याच नाहीत.

गेमची सगळी माहिती एका विकीवर ठेवायची होती. विकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची पानं. कुणीही उघडावीत, कुणीही दुरुस्त करावीत. चित्रं काढणारा कोल्हापूरला, आवाज जमवणारी नागपूरला, बाकीचे हौशी लोक कुठं कुठं. यांच्यापैकी कुणीही ते गाव पाहिलेलं नाही. पानावर जे लिहिलं असेल तेच ते बनवणार. सुरुवातीला काय गोंधळ! आबा एकदा 'वेस' म्हणाले, एकदा 'कमान', एकदा नुसतं 'दरवाजा'. कुणीतरी तीन पानं केली. चित्रकारानं गावाला तीन दरवाजे काढून ठेवले, एकाला लागून एक. आता बोला! मी भाचीला फोन केला आणि नको नको ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, मग तूच बघ ना ही पानं."

मी बघायला लागले. एका वस्तूला एकच नाव, जीव गेला तरी तेच. सगळं वर्तमानकाळात लिहायचं, कारण खेळणाऱ्यासमोर ते आत्ता घडत असतं. दोघांनी सांगितल्याशिवाय कुठलंही पान पक्कं करायचं नाही. आणि प्रत्येक माणसाच्या पानावर शेवटचा रकाना भरलेला पाहिजे: पाणी आलं की कुठं जातो. कुणी नव्या गावात जातो, कुणी सिरसाळ्याला सासुरवाडीला, कुणी लेकीकडं. कुठंतरी जायलाच पाहिजे, नाहीतर गेम पुढं सरकत नाही.

वर्तमानकाळाचा नियम माझाच, पण पहिल्यांदा माझ्याच अंगावर आला. माझी आई जाऊन किती वर्षं झाली. मी लिहिलं, 'ती विहिरीवर कपडे धुते. कुणी हाक मारली की मान वळवते.' महिन्याभरानं भाचीनं तेवढा भाग बनवून पाठवला. मी हाक मारायचं बटण दाबलं आणि विहिरीवरच्या बाईनं मान वळवली. चेहरा आईचा नव्हता, चित्रकारानं मनानं काढलेला. तरी मी लॅपटॉप मिटला आणि भाकऱ्या थापायला उठले.

आबांना विसरायचा आजार होता. मी त्यांना कधी मुलगी वाटायचे, कधी शेजारीण. सकाळी चहा घेतला का, हे दुपारी आठवायचं नाही. पण गावाचं विचारलं की माणूस बदलायचा. कुणाच्या अंगणात कडुनिंब, कुणाची म्हैस मारकी, महादेवाच्या देवळातली घंटा कुठं चिरलेली, सगळं तोंडपाठ. मी विचारायचे, ते सांगायचे, मी लिहायचे. मग नव्या गावातल्या कुणाला तरी फोन करून खात्री करायची. दरवेळी आबा बरोबर निघायचे. माझा बाप दिवसेंदिवस माझ्या डोळ्यांदेखत पुसला जात होता, आणि त्या पानांवर तेवढा शाबूत होता. ती पानं मला का प्यारी होती, हे आणखी काय सांगू?

एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. रोज दुपारी, जेवण झालं की आबा बाजेवर बसायचे, खालच्या फरशीकडं बघायचे आणि विचारायचे, "पाणी कुठवर आलंय गं माय?"

आमच्याकडं नळाला आठवड्यानं पाणी येतं. मला वाटायचं, त्याचंच विचारतायत. "कालच आलंय आबा, पिंपं भरलीत," मी सांगायचे. ते मान हलवायचे आणि हळूच दोन्ही पाय उचलून बाजेवर घ्यायचे. तासभर खाली सोडायचे नाहीत. बाहेर ऊन मी म्हणतंय, कुत्रंसुद्धा भिजेल एवढं पाणी आसपास नाही, आणि हा माणूस पाय जवळ ओढून बसलेला. मला हसू यायचं. नंतर यायचं बंद झालं.

नदीच्या घाटाचं पान लिहायला घेतलं तेव्हा तो आला. मी विचारलं, "आबा, घाटावर कोण कोण असतं?"

"बाया असत्यात सकाळच्या. मग जनावरं येत्यात. अन् पायरीवर तो असतो की."

"तो कोण?"

"तोच की. दोर वळतो." आबांनी उजवा पाय पुढं केला, अंगठ्यात काहीतरी अडकवल्यासारखं केलं आणि दोन्ही तळहात एकमेकांवर घासायला लागले. सावकाश, एकाच लयीत. "अंबाडीचा दोर. समद्या गावाला तोच देतो. तिसऱ्या पायरीवर बसतो, तिथं सावली असती म्हून."

"त्याचं नाव काय?"

आबांनी तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. मग मिटलं. हात मात्र चालूच होते, मी चहा करून आणेपर्यंत.

मी कच्चं पान करून ठेवलं: पायरीवरचा माणूस. दुसरा साक्षीदार मिळाला की पक्कं करू. फोन लावले. कुणालाच आठवेना. तिकडं विकीवर एका शहाण्यानं शेरा मारला: 'या आजोबांचं डोकं जागेवर नाही असं कळतं. मनातली माणसं सांगत असतील, तर त्यांनी सांगितलेली सगळी पानं काढून टाकावीत.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला जे उत्तर लिहिलं ते भाचीनं पुसलं. पण तिनंही फोनवर चाचरत विचारलं, "मावशी, तुझाच नियम आहे ना? हा माणूस खोटा निघाला तर बाकीच्या पानांचं काय करायचं?"

म्हणजे आता त्या पायरीवर नुसता एक दोर वळणारा बसला नव्हता. माझा बापच तिथं बसला होता. तो माणूस गेला असता तर आबांचं सगळं गाव गेलं असतं, दुसऱ्यांदा.

काळीपिवळी जीपनं मी नव्या गावाला गेले. आधी देवळातल्या म्हाताऱ्या जंगमांना भेटले. जुन्या गावातही महादेवाची पूजा तेच करायचे. अंगारा लावून घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि विचारलं, "नदीकडच्या वाटेला कोण कोण असायचं हो?"

ते म्हणाले, "पायरीला कुणी बसत नव्हतं."

बरं. किराणा दुकानदाराकडं गेले. त्यानं खुर्ची दिली, सोडा मागवला, आबांची तब्येत विचारली. मी तेच विचारलं, त्याच शब्दांत. तो काट्यात साखर घालता घालता थांबला.

"पायरीला कुणी बसत नव्हतं."

मग एका म्हातारीकडं गेले. गाव उठलं तेव्हा ती नवी नवरी होती. ती दारात शेंगा फोडत बसली होती, मोठी बडबडी बाई. "आगं ये की, कुणाची म्हनायची तू?" नदीची वाट म्हटल्यावर शेंग हातातच राहिली. तिचा आवाज एकदम सपाट झाला. "पायरीला कुणी बसत नव्हतं."

जीपमध्ये बसल्यावर माझ्या ध्यानात आलं. मी पायरीचं नावच काढलं नव्हतं. नदीकडची वाट विचारली होती. आणि दुसरी गोष्ट तर कुणाला सांगून पटली नसती. तीन माणसं एका दरवाज्याला तीन नावं देतात, हे मी रोज बघत होते. एका म्हशीचा रंग दोघं सख्खे भाऊ वेगवेगळा सांगतात. सगळ्यांचं सांगणं एका शब्दात बसवायला मी डोकं आपटत होते, आणि इथं न सांगता ते शब्दाला शब्द जुळत होतं. खरी आठवण अशी कधीच नसते. हे कुणीतरी तपासून पक्कं केलेलं वाक्य होतं.

उन्हाळ्यात धरण आटलं. जुनं देऊळ वर आलं, घाट उघडा पडला, असं कळलं. मी परत गेले. त्या शेंगावाल्या म्हातारीला म्हटलं, मला रस्ता दाखवा. ती आधी नको म्हणाली, मग काय वाटलं कोण जाणे, चपला घालून निघाली. पण रस्ता दाखवायला तिची गरजच पडली नाही. भेगाळलेल्या गाळातून मी पुढं आणि ती मागं. इथं वेस. इथं डावीकडं वळायचं. हा सुताराचा ओटा, ही आईची विहीर. मी त्या गावात एक दिवस राहिले नव्हते, तरी पाय आपोआप वळत होते. भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या होत्या, आणि मी माझ्याच पानांवरून चालत होते. भर दुपारचं ऊन, आवाज कसला म्हणून नाही. विहिरीपाशी आले तेव्हा कुणाला हाक मारायचा धीर झाला नाही.

घाटाच्या पायऱ्या गाळातून वर आल्या होत्या. तिसऱ्या पायरीची कड मी बघितली. दगडात खाच पडली होती. विहिरीच्या काठाला दोर घासून पडते तशी, बोटभर खोल, आतून गुळगुळीत. पण नदीच्या पायरीवर दोर कोण घासणार? मी खाली बसले आणि खाचेत बोट घातलं. ऊन असं होतं की बाकीच्या दगडाला हात लावता येत नव्हता. खाच मात्र गार होती, ओलसर.

मागं वळून बघितलं. म्हातारी लांबच थांबली होती. तिनं चपला काढल्या होत्या, डोक्यावरून पदर घेतला होता, आणि ती हात जोडून माझ्याकडं नाही, माझ्या शेजारी बघत होती. मी उठले ती धडपडतच.

"मावशी, इथं कोण बसायचं?"

"इचारू नगंस."

"माझ्या बापाला लोक वेडा ठरवायला लागलेत. एवढंच सांगा, तो खोटं बोलतोय का?"

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बेलभंडार उचललाय माय आमी. पिंडीवरचं बेलाचं पान अन् भंडारा हातात घिऊन समद्या गावानं शपथ घेतली. मी बोलणार न्हाई." मग चपला हातातच घेऊन माघारी वळता वळता म्हणाली, "पर तू लिहिलंस, तर मी न्हाई म्हननार न्हाई."

घरी आले. आबा बाजेवर, पाय वर घेतलेले. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "आबा, पायरीवरच्या माणसाला नव्या गावात जागा कुठं दिली?"

"त्याला कशी जागा मिळंल? त्याच्या नावावर ना घर ना रान. गावकुसाबाहेरचं खोपट. यादीतच न्हाई ना तो." आबा अगदी सहज, कालचं सांगावं तसं सांगत होते. "ट्रॅक्टर माझ्याकडं होता. शेवटच्या खेपंला गेलतो. म्हनला, मला कुठं सोडतोस? म्या म्हनलं, आधी जागेचं इचारून येतो, तू बस हितंच. बसला. दोर वळत बसला. नव्या गावात इचारलं तर कुणी आपल्या वाट्यातली जागा दीना. आज बघू, उद्या बघू. म्या बी दमलो होतो. म्हनलं, सकाळी जाऊ."

"मग?"

"सकाळी पायरी दिसना."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. आबा फरशीकडं बघत होते.

"मग समद्यांनी बेलभंडार उचलला. कुणी बी इचारलं तर एकच सांगायचं. पायरीला कुणी बसत नव्हतं." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, अनोळखी माणसाकडं बघावं तसं, आणि आवाज खाली आणला. "बाई, तुमी कोण हाव? कुणाला बोलू नगा."

मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा, ते आजही नीट सांगता येत नाही. सगळं गाव शपथ पाळत होतं, आणि आबा ती पाळायचीच विसरले होते. तो माणूस तेवढा विसरले नव्हते. त्यांचं डोकं जागेवर आहे हे मला सिद्ध करायचं होतं ना? झालं होतं सिद्ध. आता पान पक्कं केलं की माझा बाप खरा ठरणार होता, आणि त्याला तिथं बसवून आलेला माणूसही तोच ठरणार होता. दोन दिवस मी विकी उघडलं नाही. भाजी जळाली, दूध उतू गेलं. तिसऱ्या दिवशी स्वतःलाच म्हटलं, मेले, दुसऱ्याच्या पानावर एवढीशी चूक दिसली तर फोन करून शिव्या घालतेस, आणि आता तोंड लपवतेस? बसले आणि लिहिलं.

'घाटाच्या तिसऱ्या पायरीवर एक माणूस बसतो. तो अंबाडीचा दोर वळतो. सगळ्या गावाचे दोर त्याच्याकडचे असतात. त्याचं नाव कुणी सांगत नाही. ट्रॅक्टरवाला त्याला "बस हितंच, इचारून येतो" म्हणतो. तो बसतो. पाणी आलं की कुठं जातो: जात नाही.'

ट्रॅक्टरवाल्याच्या नावाला मी आबांचं पान जोडलं.

भाचीला सगळं फोनवर सांगितलं. तिनं पान उघडून वाचलं. मग म्हणाली, "मावशी, शेवटचा रकाना तसाच ठेवला तर तो उठणार नाही. पाणी डोक्यावरून जाईल तरी दोर वळत राहील."

"ठेव तसाच," मी म्हटलं.

खात्रीसाठी त्या म्हातारीला विचारलं, ती नाही म्हणाली नाही, आणि पान पक्कं झालं. आबांच्या बाकीच्या पानांना मग कुणी हात लावला नाही. त्या शहाण्यानं माफीही मागितली. मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

पावसाळा लागता लागता भाचीनं घाट बनवून पाठवला. दुपारी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप बाजेसमोर स्टुलावर ठेवला. दाखवावं की नाही, याचा फार विचार केला होता. पण त्यांचंच होतं ते. पायरीवर तो बसला होता, पाठमोरा, अंगठ्यात दोर. हात सावकाश चालत होते. त्याला आवाज नव्हता दिलेला, नागपूरच्या मुलीला अंबाडी मिळाली नव्हती. तरी मला खोलीत घासल्याचा आवाज ऐकू येत होता. बघितलं तर आबांचे तळहात.

"हाय की," आबा म्हणाले. "हाय की बसलेला." त्यांचा चेहरा उजळला होता. ते स्क्रीनकडं वाकले. "लई उशीर झाला रं मला. ऊठ बे. ट्रॅक्टर आणलाय. चल, माझ्या वाट्यातली जागा घे."

तो उठला नाही. मीच तसं लिहिलं होतं. पाणी चढायला लागलं. पहिली पायरी गेली. दुसरी गेली. माझा हात बंद करायच्या बटणावर गेला, पण आबांनी तो धरला, मला वाटलं नव्हतं इतका जोर लावून.

"पाणी कुठवर आलंय गं माय?"

"तिसऱ्या पायरीला लागलंय, आबा," मी म्हटलं. पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं. "पाय वर घ्या."

त्यांचे पाय खाली फरशीवर होते, चपलांशेजारी. ते त्यांनी तिथंच ठेवले. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "येतो म्हनलो होतो त्याला."

मग पायरी दिसेनाशी झाली, आणि आबा पाय खाली सोडून बसून राहिले.